ऑइल ‘टाकलं’ म्हणजे नेमकं काय केलं?

अनंतदादा, तू गेलास शनिवारी. तुझ्यावर अन्याय झाला तो त्यानंतरच्या मंगळवारी, सकाळी साडेदहा वाजता, मुलुंडच्या यार्डात. कुठली गाडी कुठे जाणार ते लिहायचा फळा आहे ना ऑफिसच्या दाराशी, त्यावर शेठच्या माणसाने टाइप केलेला कागद डकवला. ‘चालक अनंत याने इंजिन ऑइलकडे दुर्लक्ष केल्यामुळे घाटात इंजिन निकामी झाले व त्यातून अपघात ओढवला. इतर चालकांनी यातून बोध घ्यावा.’ खाली सही, शिक्का. मेलेल्या माणसाबद्दल लिहितोय याची खूण त्या कागदात कुठेच नाही. जणू तू रजेवर आहेस आणि परत आल्यावर तुला झापायचं आहे.

मी तो फाडला नाही. तुला वाटेल, शैलीने नक्की फाडला असणार. हात गेला होता. पण दगडूभाऊ, तुझा क्लीनर, शेजारी उभा होता. कपाळाची जखम अजून ओली. म्हणाला, "ताई, फाडलात तर दुसरा लावतील. राहू दे. काय लिहिलंय ते सगळ्यांना वाचू दे." मग मी पिशवीतलं एक पत्रक काढलं, त्याच्या कोऱ्या बाजूवर तो मजकूर शब्द न् शब्द उतरवून घेतला आणि घाटकोपरला मावशीकडे आले.

मावशीला सांगायचं नाही असं ठरवलं होतं. पण भटवाडीत बातमी माझ्या आधी पोचली होती. तुझी आई स्टोव्हपुढे बसली होती, स्टोव्ह पेटलेला नव्हता. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "माझ्या झिलान गाडयेकडे दुर्लक्ष केल्यान? एक वेळ आवशीकडे करीत, गाडयेकडे करूचो नाय." आणि हसली. खरंच हसली. मग पदर तोंडाला लावला. मावसकाका कोपऱ्यात बसून होते. गिरणी बंद पडल्यापासून ते बसतात तसेच. ते म्हणाले, "शैला, तो कागद तिथून निघाला पाहिजे." एवढंच. तेव्हापासून माझ्या डोक्यात तेवढंच आहे.

आपलं भांडण ऑइलवरूनच सुरू झालं होतं, आठवतं? आमच्या संघटनेच्या वाकोल्याच्या खोलीत आम्ही सायक्लोस्टाइलवर काढलेलं ते पत्रक. ट्रकचं ऑइल ठरावीक किलोमीटरनंतर बदललंच पाहिजे, गाडीच्या कंपनीच्या पुस्तकात तसं लिहिलंय, मालक बदलत नसेल तर गाडी काढू नका. मी मोठ्या ऐटीत तुझ्या हातात दिलं. तू सगळ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात वाचलंस, एखादी नोटीस वाचावी तसं.

"कोणी लिहिलंय हे?"

"मी."

"गाडी चालवतेस?"

"नाही."

"मग बरंय. लिहीतच राहा."

मी चिडले. तुला तेच हवं होतं. म्हणालास, "शैले, तुझं पत्रक म्हणजे लग्नाची पत्रिका गं. कोणी वाचत नाही, सगळे फक्त जेवण कुठे आहे ते बघतात." पण मग तू पत्रक घडी घालून खिशात ठेवलंस आणि मांडी ठोकून बसलास. तुझी ती सवय. आधी टर उडवायची, मग तासभर वाद घालायचा, म्हणजे समोरच्याला कळायचं की तू मनावर घेतलंयस.

"किलोमीटर मोजणार कशाने? यार्डातल्या अर्ध्या गाड्यांचा काटा मेलाय."

"मग दुरुस्त करायला लावा."

"कोणाला?"

"शेठला!"

"तू सांग त्याला. आणि सांगून झालं की त्याच्याकडूनच चहा घेऊन ये माझ्यासाठी."

मग तू तुझा ट्रॅक्टर काढलास. ट्रकवर यायच्या आधी तू गोरेगावला तबेल्यांच्या बाजूला गवत ओढणारा ट्रॅक्टर चालवायचास. त्या दिवसांबद्दल तू नेहमी अशा काही थाटात बोलायचास की जणू विमान चालवत होतास. "ट्रॅक्टरला तासांचा काटा असतो. इंजिन किती तास घुमलं ते सांगतो. ट्रॅक्टर दिवसभर राबला तरी कुंपणाबाहेर जात नाही. त्याचे किलोमीटर धरलेस तर जन्मात ऑइल बदलायची पाळी येणार नाही. आता माझा ट्रक बघ. जकात नाक्यावर लाइन लागली की अर्धा दिवस तिथेच. इंजिन चालू, गाडी जागेवर. तुझ्या पुस्तकाच्या हिशेबाने तेवढा वेळ गाडी झोपलीय."

"मग इंजिन बंद करायचं."

"केलं. आता लाइन चार हात सरकली. बॅटरी मेलेली. धक्का मारायला दगडू एका बाजूने, तू दुसऱ्या बाजूने. येतेस?"

मी म्हटलं, तास मोजायचे तर ते लिहिणार कोण? शेठ म्हणेल गाडी दोनच तास चालली, तू काय दाखवणार? तू म्हणालास, "आणि किलोमीटर कोण लिहितो? देव?" मावशीने मधे पडून जेवायला वाढलं म्हणून थांबलो. पण थांबलो कुठे? त्यानंतर भेटलो की तेच. मी किलोमीटर, तू तास. दादा, आजही मला तुझं पूर्ण पटलेलं नाही. ड्रायव्हरने मनातल्या मनात धरलेले तास कुठल्याही ऑफिसात टिकत नाहीत. पण नाक्यावर उभ्या गाडीतही ऑइल झिजतं, हे मला कंपनीच्या पुस्तकाने सांगितलं नव्हतं. तुझं उत्तर अर्धं होतं आणि माझंही अर्धं. दोन्ही अर्धी जोडून काहीतरी नियम निघाला असता. आता मी एकटीच दोन्ही बाजूंनी बोलते. तुझ्या बाजूने बोलताना माझा आवाज नकळत चढतो.

यार्डातला तो दिवसही मला लख्ख आठवतो. मी पत्रकं वाटायला आले होते. तू बॉनेट उघडून ऑइल किती आहे ते बघायची पट्टी बाहेर ओढलीस, माझ्या हातातलं एक पत्रक घेतलंस आणि त्याच्या पाठीवर एक थेंब सोडलास. चहा पिऊन होईपर्यंत थांबलो.

"बघ आता. काळा ठिपका मधेच घट्ट बसला आणि कडेने पसरलाच नाही, तर ऑइलमध्ये जीव राहिला नाही. पसरला तर अजून चालेल."

"पण हे तर काळंकुट्ट आहे."

"डिझेलच्या गाडीत नवं ऑइलसुद्धा चार दिवसांत काळं होतं. रंगावर जाऊ नकोस. तुझ्यासाठी स्थळं बघणाऱ्यांनाही मी हेच सांगतोय."

मी हातातला गठ्ठा तुझ्या पाठीत घातला. तू तेलकट पत्रक उंच धरून अख्ख्या यार्डाला दाखवलंस. "बघा रे, आमच्या शैलीचं पत्रक शेवटी कामाला आलं!"

तेव्हा ऑइल बदलायचं काम तुमच्या, म्हणजे ड्रायव्हरांच्या, हातात होतं. ही गोष्ट वाचणाऱ्यांनी नीट लक्षात ठेवावी. खेप संपवून आलास की तू इंजिन गार व्हायच्या आत खाली शिरायचास. गरम ऑइल पातळ असतं, त्याच्याबरोबर गाळ निघून येतो, म्हणून. चेंबरचा नट सोडायचास आणि शेवटचा थेंब गळेपर्यंत उकिडवा बसून राहायचास. चेंबर म्हणजे इंजिनच्या तळाची टाकी, ऑइल तिथे साठतं, तिथूनच पंप ते वर चढवतो. सुपरवायझर ओरडायचा. त्या माणसाला तुम्ही सगळे गॉगल म्हणता, कारण तो सावलीतही काळा चष्मा काढत नाही.

"अनंता, गाडी किती वेळ उभी ठेवणार? माल पडलाय."

"उभी आहे म्हणून उद्या पळेल, साहेब."

"तू इंजिन धुतोस की आंघोळ घालतोस?"

"उटणं आणलंय का?"

सगळे हसले होते. गॉगल हसला नव्हता. पावसाळा संपल्यावर नवा हुकूम निघाला. ड्रायव्हरांनी ऑइलला हात लावायचा नाही. ते यार्डाचा माणूस बघेल. कारण काय सांगितलं? ड्रायव्हर काढलेलं ऑइल बाहेर विकतात म्हणून. एकाही ड्रायव्हरचं नाव घेतलं नाही, पण डाग सगळ्यांवर. तू माझ्याकडे आलास, पहिल्यांदाच स्वतःहून. म्हणालास, "यावर लिही." मी लिहिलं. ते पत्रक तुला आवडलं होतं का, हे तू कधी सांगितलं नाहीस. आता विचारायचं कोणाला?

तर ज्या कामाला हात लावायला तुला बंदी होती, त्याच कामाकडे तू दुर्लक्ष केलंस असं फळ्यावर लिहिलंय.

यार्डाच्या माणसाने काय केलं? त्याने ऑइल टाकलं. पट्टीवर ऑइल कमी दिसलं की डब्यातून ओतलं, पट्टी पुन्हा खुणेपर्यंत भरली. गाडी दहा मिनिटंही उभी राहिली नाही. गॉगल खूश. जुनं तळाशी तसंच, त्यावर नवं, मग पुन्हा त्यावर नवं. पट्टी कायम भरलेली.

त्या शनिवारी सकाळी तुझी गाडी भरून, इंजिन चालू करून तयार ठेवली होती. नाक्यावर लाइन लागायच्या आत काढायची घाई. तू चढता चढता गॉगलला विचारलंस. दगडूभाऊ तिथे होता, इतरही बरेच जण होते.

"ऑइल टाकलं का?"

"टाकलं, टाकलं. पट्टी बघ पाहिजे तर."

इंजिन बंद करून तू पट्टी बघितलीस. खुणेपर्यंत भरलेली. काळी होती, पण काळी तर असतेच. त्या सकाळी तू थेंब घेतला नाहीस, शब्द घेतलास.

घाटात काय झालं ते दगडूभाऊने मला दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा त्याला तुझ्या शेवटाशी पोचायला खूप वेळ लागला. चढावर इंजिन ठोके द्यायला लागलं. तू म्हणालास, "आजारी वाटते रे." ऑइलचं प्रेशर दाखवणारा काटा तुमच्या गाडीत कधीचाच मेलेला, त्यामुळे बघायला काही नव्हतं. तू गाडी कडेला घेईपर्यंत इंजिन जागच्या जागी जाम झालं. अर्धी गाडी रस्त्यावरच राहिली. तू ब्रेक दाबून धरलास, दगडूभाऊने उडी मारून चाकांमागे दगड लावले. तिथेच पाय घसरून त्याचं कपाळ फुटलं. मग तू खाली उतरलास. मागे आंधळं वळण होतं. वर येणाऱ्या गाड्यांना आपली गाडी दिसणार नाही म्हणून तू रस्त्यावर झाडाच्या फांद्या टाकायला वळणाकडे निघालास. दगडूभाऊ म्हणाला, "मी जातो." तू म्हणालास, "तू आधी कपाळ बांध. रक्त बघून लोक गाडी थांबवायच्या ऐवजी पळवतील." हे तुझं शेवटचं बोलणं. त्यातही तू टर उडवलीस. फांदी टाकायला वाकलास आणि वळणावरून वर आलेल्या गाडीने तुला उडवलं.

त्या कागदावर फांद्यांबद्दल एक अक्षर नाही. तुझ्यामागून घाट चढून आलेल्या माणसांसाठी तू त्या वळणावर गेलास, हे तिथे नाही.

नंतर गाडी ओढून भांडुपच्या गॅरेजात आणली. मी आणि दगडूभाऊ तिथे गेलो. मिस्त्रीने आमच्यासमोर चेंबर उतरवलं. ऑइल होतं, भरपूर होतं. आणि तळाला गाळ, डांबरासारखा, बोटाने उकरावा लागेल असा. ऑइल वर ओढणारी जाळी त्या गाळाने लिंपून गेलेली. म्हणजे ऑइल इंजिनात होतं, पण जिथे पाहिजे तिथे चढत नव्हतं. बेअरिंगं कोरडी जळली.

मी म्हटलं, "पण यार्डवाले म्हणतात ऑइल टाकलं होतं."

मिस्त्री कापडाला हात पुसत म्हणाला, "टाकलं म्हणजे काय केलं? ओतलं की फेकलं?"

दादा, आपण मराठीत आमटीत मीठ टाकतो आणि उकिरड्यावर कचराही टाकतो. एकच शब्द. आत घातलं तेही टाकलं, बाहेर काढलं तेही टाकलं. तू विचारलंस त्यात दोन्ही होतं. जुनं टाकलंत का आणि नवं टाकलंत का. तुझ्यासाठी ते एकच काम होतं, कारण तू ते कधी अर्धं केलं नव्हतंस. गॉगलने उत्तर दिलं त्यात फक्त अर्धं होतं.

मी त्याला जाऊन विचारलं. ऑफिसात, सगळ्यांसमोर.

"तुम्ही अनंतला टाकलं म्हणालात?"

"म्हणालो. टाकलंच होतं. मी खोटं बोललो नाही."

"जुनं काढलं होतं?"

"त्याने टाकलं का असं विचारलं. काढलं का असं विचारलं नाही."

"म्हणजे काढलं नव्हतं."

"मॅडम, इथे भाषण नको. गाड्या सुटायच्यात."

"मग फळ्यावर दुर्लक्ष कोणाचं लिहिलंय?"

"ते शेठनी लिहिलंय. मी नाही."

त्याने चष्मा काढला नाही. आजूबाजूचे सगळे एकाएकी कामात बुडाले. कोणी टायर बघायला लागला, कोणी दोरी आवळायला लागला. फक्त दगडूभाऊ पुढे आला आणि म्हणाला, "मी ऐकलं. अनंताने विचारलं होतं. मी सांगतो." गॉगल म्हणाला, "तुझं डोकं फुटलंय, तू आराम कर." त्यावर कोणीतरी हसलं. कोण ते मी बघितलं नाही. बघितलं नाही तेच बरं.

दादा, मी रागावलेली आहे, पण शांत आहे. तुला नवल वाटेल. तू मला नेहमी म्हणायचास, "शैले, तू बोलायला लागलीस की कुकरची शिटी. ऐकणारा आधी गॅस बंद करायला धावतो." म्हणून यावेळी मी सावकाश लिहितेय. ओरडून लिहिलं तर म्हणतील, बहीण आहे, ओरडणारच.

काल दगडूभाऊने एक गोष्ट सांगितली, ती तू मला कधीच सांगितली नव्हतीस. माझी पत्रकं तू केबिनमध्ये सीटखाली ठेवायचास आणि नाशिकच्या रस्त्यावर धाब्यावर थांबलास की खाटेवर बसून बाकीच्या ड्रायव्हरांना वाचून दाखवायचास. मोठ्याने, माझी नक्कल करत. फक्त जिथे मी ‘किलोमीटर’ लिहिलं होतं, तिथे तू ‘तास’ वाचायचास. आणि कोणी विचारलं की हे लिहिलंय कोणी, तर म्हणायचास, "आमची बहीण. फार हुशार. ऑइलमधलं सगळं कळतं तिला."

लबाडा. मला तोंडावर एकदा तरी सांगायचं होतंस. मीही तुला सांगितलं नाही की तू टर उडवलीस म्हणूनच मी दुसरं पत्रक पहिल्यापेक्षा नीट लिहिलं, आणि तिसरं त्याहून. मला लिहायला कोणी शिकवलं असं विचारलं की मी आमच्या खोलीतल्या मोठ्या मंडळींची नावं सांगते. तुझं नाव मी कधी घेतलं नाही. इथे घेते. आता तुला ते वाचून दाखवून माझी नक्कल करता येणार नाही, एवढंच वाईट वाटतं.

पुढच्या पत्रकात मी दोन्ही लिहिणार आहे. किलोमीटर लिहीन, आणि नाक्यावर उभ्या गाडीचे तासही धरा असं लिहीन. तू जिंकलास असं समजू नकोस. आणि ‘टाकलं’ हा शब्द मी लिहिणार नाही. ‘जुनं सोडलं’ आणि ‘नवं भरलं’ असे दोन वेगळे शब्द लिहीन.

आता तुमच्याशी बोलते, हे वाचणाऱ्यांशी. मुलुंडच्या त्या यार्डातल्या ड्रायव्हरांनो, क्लीनरांनो, हमालांनो. त्या शनिवारी सकाळी तुम्ही तिथे होतात. अनंतने चढता चढता काय विचारलं ते तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी ऐकलं. उत्तर काय मिळालं तेही ऐकलं. ऑइलला हात लावायची त्याला बंदी होती, हे तर तुम्हा प्रत्येकाला माहीत आहे, कारण तीच बंदी तुमच्यावर आहे. उद्या घाटात तुमचं इंजिन जाम झालं, तर फळ्यावर कागद तयार आहे. फक्त नाव बदलायचं.

तुम्हाला नोकरीची भीती आहे हे मी समजते. मी कोणाला एकट्याने पुढे यायला सांगत नाही. येत्या सोमवारी सकाळी, गाड्या सुटायच्या आधी, दगडूभाऊ त्या फळ्यासमोर उभा राहणार आहे. अनंतचे आई-वडील येणार आहेत. मीही असेन, पण मी बोलणार नाही. बोलायचं तुम्ही. जे ऐकलं तेवढंच, तुमच्या शब्दांत. कागद खाली उतरेपर्यंत एकही चावी हातात घेऊ नका. तुम्ही ऐकलं असेल तर सोमवारी या आणि दगडूभाऊच्या शेजारी उभे राहा.